वरचं दूध

"दूध छातीत नसतं हो, दूध मनात असतं," सल्लागार बाई म्हणाल्या, आणि लेकीच्या उशाशी थर्मासचं झाकण लावत उभी असलेली ती तिथेच थबकली. झाकणाचे आटे अर्धेच बसले होते. बाई पन्नाशीच्या, हसतमुख, गळ्यात फोटोचं कार्ड. बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवण्यासाठी इस्पितळाने त्यांना नेमलं होतं. हातात लोकरीचा विणलेला एक स्तन होता, फिकट गुलाबी, मध्यभागी चॉकलेटी गोंडा. तो दाबून दाबून त्या लेकीला दाखवत होत्या, असं धरायचं, असं दाबायचं, बाळाची हनुवटी अशी लावायची. "मनात शंका आली की संपलं. आईने ठरवलं ना, की येतं म्हणजे येतंच. ज्या आईला पाजायचंच आहे तिला दूध आलं नाही, असं माझ्या वीस वर्षांत झालेलं नाही." लेक मान हलवत होती, परीक्षेत नापास झालेल्या मुलीने मुख्याध्यापिकेसमोर हलवावी तशी. पाच दिवसांची बाळंतीण, डोळे खोल गेलेले, शेजारी पंपाची बाटली, तिचा तळ जेमतेम ओला. "आणि आजीबाईंनी जरा धीर द्यायचा. चेहरा असा करून उभं नाही राहायचं. काय?" बाई तिच्याकडे वळून गोड हसल्या आणि तो लोकरीचा गोळा पिशवीत टाकला. आत कापूस आहे, तिच्या मनात आलं. नुसता कापूस. आत काय असतं ते या बाईने कधी पाहिलेलं नाही, आणि मी एकतीस वर्षं पाहतेय.

ते अगदी खरं होतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात ती काचपट्ट्या करायची. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला शरीराचा इवलासा तुकडा यंत्राला लावायचा, चाक फिरवायचं, आणि पात्याखालून केसाच्या चौदाव्या हिश्श्याएवढा पातळ काप सुटला की तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर अलगद उचलायचा. मग रंग. गुलाबी आणि जांभळा. विद्यार्थी तिला पातळबाई म्हणायचे, आणि ती ऐंशी किलोंच्या घरातली असल्यामुळे त्या नावाला दुहेरी मजा होती, तीही हसायची. "पातळबाई, तुमचा काप म्हणजे वाऱ्याने उडेल." उडायचाच, श्वास रोखूनच काम करावं लागे. मूत्रपिंड, यकृत, जीभ, कातडी; आणि खालच्या खणात डावीकडे स्तनाची पेटी. विश्रांत. गर्भावस्था. दुग्धावस्था. वार्धक्य. चिठ्ठ्या तिच्याच अक्षरातल्या. विभागप्रमुख मॅडम शिकवायच्या तेव्हा काचपट्ट्या बदलायला ती सूक्ष्मदर्शकाशेजारी उभी असे, आणि दरवर्षी तेच ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. गर्भ सहा आठवड्यांचा असतो, वाटाण्याएवढा, तेव्हाच त्याच्या अंगावर दोन रेषा उमटतात, काखेपासून जांघेपर्यंत. मुलगा असो की मुलगी. मग रेषा विरून जातात, छातीवर एकेक ठिपका उरतो. त्या ठिपक्यातून आत, खाली, मुळं उतरावीत तसे पंधरा-वीस कोंब जातात. बाळ जन्मतं ते एवढंच घेऊन, आणि मग सगळं झोपून राहतं, दहा-अकरा वर्षं. मुलगी वयात यायला लागली की कोंब जागे होतात, चरबीत फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या. तरीही झाड अर्धंच. पानं फुटतात ती गरोदरपणी. मॅडम म्हणायच्या, "मुलांनो, हृदय जन्मताना तयार असतं, डोळा तयार असतो. हा अवयव मात्र नंतर घडतो, काम झालं की मोडतो, आणि पुढच्या मुलाच्या वेळी पुन्हा घडतो. इतकी मेहनत दुसरा कुणी करत नाही." मागच्या बाकावरची मुलं खुसखुसायची. मॅडम थांबायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "हसून घ्या. त्याच्याच जिवावर इथवर आलात."

सगळे त्याच्याच जिवावर येतात असं नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं; पण ते ठाऊक असणं वेगळ्या कप्प्यात होतं. कामाचा कप्पा वेगळा, घरचा वेगळा. खालच्या खणातली ती पेटी आपलीच आहे, असं तिला वर्षानुवर्षं कधी वाटलंच नाही. याचा आज तिला राग येत होता. सगळ्यात आधी स्वतःचा. बाई बोलत होत्या ते वाक्य तिने पूर्वी ऐकलेलं होतं, शब्दांचा थोडा फेर. तेहेतीस वर्षांपूर्वी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "मनच नाही तिचं, तर दूध कुठून येणार?" त्यांच्या गळ्यात कार्ड नव्हतं, एवढाच काय तो फरक. ती आतल्या खोलीत पहिल्या मुलाला छातीशी धरून बसली होती. पंचवीस वर्षांची. मन होतं. मन इतकं होतं की त्याने दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती. मूल ओढायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा ओढायचं. तिच्या पाठीतून कळ जायची. आणि सासूबाई काढे आणून ठेवायच्या, पेला आदळून. "आमच्या वेळी स्वतःचं पोर पाजून शेजारणीचं पाजायच्या बायका." सहाव्या दिवशी मूल कमी रडायला लागलं. सातव्या दिवशी तर फारच कमी. "बघ, कसा शहाणा झाला," सासूबाई म्हणाल्या, "शांत पडून असतो." लंगोटावर विटकरी डाग यायचे, उष्णता, म्हणाल्या. अकराव्या दिवशी सकाळी शहाणं बाळ जागं झालं नाही. ताप होता, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. तिच्याही कानावर ते इतक्या वेळा पडलं की तिलाही त्याच्या कपाळाचा चटका आठवायला लागला. आणि घरात, दारांआड, वर्षानुवर्षं ते दुसरं वाक्य फिरत राहिलं, मन नव्हतं तिचं. त्यानंतर तीन वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा तिची नोकरी लागलेली होती, आणि नोकरीच्या निमित्ताने मुलीला पहिल्या दिवसापासून बाटली लागली. "पगारासाठी पोरीला तोडली," सासूबाई म्हणाल्या. म्हणोत. मूल जगलं. घरात तिला धाकटी म्हणायचे. नवीन माणूस विचारायचा, मोठी कुठे असते? आणि मग सगळे एकदम चहाचं विचारायला लागायचे.

धाकटी आता छोट्या पाळण्याकडे बघत होती. "आई, झोपली बघ. म्हणजे पोट भरलं असेल ना?" तिच्या आवाजात इतकी आशा होती की आईला ती ऐकवेना. जावई बोटीवर नोकरीला, यायला अजून महिना होता. फोनवर रोज विचारायचा, दूध आलं का, जसं काही टपाल यायचं होतं. "बघा," सल्लागार बाई म्हणाल्या, "मघाशी पाजलं तर कशी गाढ झोपली. समाधानी बाळ आहे." ती पाळण्यापाशी गेली. नात पिवळट दिसत होती. ओठ कोरडे, त्यावर बारीक पापुद्रा. तिने बोटाने तळपाय घासला. पाय जरासा हलला आणि तसाच राहिला. तिने लंगोट उघडला. मध्यभागी एक डाग होता, विटेच्या पुडीसारखा.

आठ वर्षांपूर्वी एक नवी व्याख्याती आली होती, सडसडीत, भराभर बोलणारी. तिने तपासणीसाठी आलेला एक तुकडा दिला आणि काप झाल्यावर सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बघा हो पातळबाई, चरबीच चरबी. ग्रंथी शोधावी लागतेय. हिला वयात येताना फांद्याच फुटल्या नाहीत. हिला दहा मुलं झाली असती तरी पुरेसं दूध आलं नसतं. आणि घरचे म्हणत असतील, पाजायचा कंटाळा." व्याख्याती हसली होती, वाईट मनाने नव्हे. पातळबाईंनी भिंगात डोळा लावला. फिकट, रिकामी, मोठमोठी घरं, एकाला एक लागून, आणि कोपऱ्यात कुठे एखादी जांभळी रेघ, चुकून आल्यासारखी. मग ती प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून बसली होती, पाऊण तास. त्या पाऊण तासात दोन्ही कप्प्यांमधली भिंत पडली. गरोदरपणी इतर बायकांच्या चोळ्या घट्ट व्हायच्या, तिच्या झाल्या नव्हत्या, कुणाला विचारणार? स्तन हा शब्दच घरात नव्हता. अंग म्हणायचे, छाती म्हणायचे, वर म्हणायचे, खाली म्हणायचे. मग डोळे पुसून ती बाहेर आली आणि संध्याकाळपर्यंत यकृताचे काप केले. कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कुणाला? सासूबाई तोवर गेल्या होत्या. नवरा देवमाणूस, त्याला कशाला जुन्या दुःखात ओढायचं, असं वाटलं. आणि यंदा सातव्या महिन्यात धाकटी हसून म्हणाली होती, "आई, माझ्या मैत्रिणींना सगळे कपडे नवे घ्यावे लागले, माझे जुनेच होतात, वाचले की नाही पैसे?" तेव्हा तिला तो चरबीचा काप आठवला होता आणि तरी ती म्हणाली होती, "असतं एकेकीचं." असतं एकेकीचं! मूग गिळून बसायची सवय इतकी हाडात मुरलेली की पोटच्या पोरीलाही तिने तेच मूग दिले.

तिने नातीला उचललं. "अहो आजी, झोपलेलं बाळ कशाला उठवताय?" बाई पुढे आल्या.

"झोपलेलं नाही ते. थकलंय." तिला वाटलं होतं आवाज चढेल, पण तो काप घेताना रोखलेल्या श्वासासारखा अगदी खालच्या पट्टीत निघाला. "पाच दिवस रडून दमलं, आता रडायचं त्राण उरलं नाही. त्याला तुम्ही समाधान म्हणता."

"वजन पहिल्या आठवड्यात उतरतंच. आणि आईच्या मनात असं भय घातलं तर—"

"किती उतरतं?"

"अं?"

"दोन हजार नऊशे होतं. काल रात्रीच्या कागदावर दोन हजार पाचशे वीस आहे. किती उतरलं ते सांगा. आणि मनाचं पुन्हा काढू नका. तुमच्या त्या गोळ्यात कापूस आहे म्हणून तो कुठूनही दाबला तरी चालतो. हिच्या आत काय आहे, किती आहे, ते कुणी हात लावून तरी पाहिलं का? गेल्या नऊ महिन्यांत एकाने तरी विचारलं का हिला, बाई गं, काही फरक पडला का म्हणून? पाय सुजले का विचारलं, दात दुखतात का विचारलं. ज्याच्यावर पोराने जगायचं त्याचं नाव घ्यायला तेवढी सगळ्यांची जीभ अडते, आणि दूध आलं नाही की मात्र त्याच जिभेला हाड राहत नाही!" हे सगळं ती चालता चालता बोलत होती, दाराबाहेर, व्हरांड्यातून, जिन्यापाशी, आणि बाई मागून "आजी, आजी" करत येत होत्या. जिन्यावर फरशी पुसणारी बाई बाजूला झाली आणि म्हणाली, "जा तुम्ही, डॉक्टर आलेत खाली."

लहान मुलांची डॉक्टर तरुण होती, धाकटीच्याच वयाची. तिने बाळाला तपासलं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश परत गेली, आणि तिचा चेहरा बदलला. रक्त घेतलं. साखर कमी, मीठ चढलेलं. सलाईन लावायला हवं, ठेवून घ्यायला हवं, आणि वरचं दूध आत्ता, थोडं थोडं. "बरं झालं आणलंत," ती म्हणाली, "उद्यापर्यंत थांबला असतात तर कठीण होतं." मग ती स्वतः आजींबरोबर वर गेली. पडदा ओढून तिने धाकटीला तपासलं, विचारलं, आणि पलंगाच्या कडेवर बसून सांगितलं की ग्रंथीच कमी आहे, जन्मतःच म्हणा किंवा वयात येताना वाढली नाही म्हणा, येईल तेवढं थोडंसं पाजत राहा, उरलेलं वरचं. यात कुणाचा दोष नाही. इतकं सोपं वाक्य. दहा सेकंदांत बोलून झालं. हे दहा सेकंद तेहेतीस वर्षांपूर्वी कुणाजवळच नव्हते का, असं धाकटीच्या आईच्या मनात आलं, आणि तिने डोळे पुसले. रडू नव्हतं ते, संताप होता, पण वाट एकच असल्यामुळे दोघांचा गोंधळ होतो. सल्लागार बाई दाराशी उभ्या होत्या. "अपवाद असतात," त्या म्हणाल्या. "दर वर्षी पाच-दहा तरी असतील तुमच्या इथे," ती म्हणाली, "त्या घरी जाऊन काय करतात, ते एकदा मोजा."

दुपारी खाली काचेच्या खोलीबाहेर ती बाकावर बसली होती. आत परिचारिका नातीला चमच्याने पाजत होती. आधी जीभ नुसती बाहेर आली, चाचपडत, मग ओठ मिटले, गळा हलला, आणि मग त्या इवल्या जीवाला भूक आठवली. चमचा येईपर्यंत धीर धरेना. हात वर, मुठी, सगळं अंग तोंड झालेलं. शेवटी कोरडा, चिरका, रागीट आवाज काचेतून बाहेर आला आणि परिचारिका हसली. शेजारी नवरा येऊन बसला. नकाशा खात्यातून निवृत्त झालेला, मऊ बोलणारा, चाळीतल्या कुत्र्यालाही कधी हाड न म्हटलेला. धावपळ करून रक्ताचे कागद त्यानेच आणले होते. तो काचेतून बघत राहिला. डोळे भरून आले त्याचे. "वाचली," तो म्हणाला. "देवाची कृपा. तेव्हासुद्धा डॉक्टर हेच म्हणाले होते, वरचं सुरू करा."

तिला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "केव्हा?"

तो बोटांनी पँटीची शिवण चाचपू लागला.

"अहो, केव्हा?"

"अगं, तेव्हा. आठव्या दिवशी. तू झोपली होतीस, मी त्याला घेऊन गेलो होतो गल्लीच्या टोकाला डॉक्टरांकडे. म्हणाले, तोंड सुकलंय, पोट रिकामं आहे, वरचं द्या. मी पावडरीचा डबासुद्धा घेतला होता. घरी आलो तर आई म्हणाली, वरचं सुरू केलं की आईचं कायमचं आटतं, दोन दिवस थांब. मी... आईपुढे काय बोलणार? म्हटलं, दोनच दिवस."

"आणि मला?"

"तुला उगाच त्रास नको म्हणून."

उगाच. त्रास. काचेपलीकडे नात रडत होती, आणि ती या दोन शब्दांकडे बघत राहिली. मग सासूबाईंची आकृती, जी तेहेतीस वर्षं दारात उभी होती, जिच्यावर तिने मनातल्या मनात एवढा जाळ काढला होता, ती जरा बाजूला सरकली, आणि तिच्यामागे डबा घेतलेला एक तरुण माणूस दिसला. तो तिथे सुरुवातीपासून होता. ती रात्री उठून बसायची तेव्हा तो पाठीवरून हात फिरवायचा; तेव्हा त्याला माहीत होतं. दारांआड ते वाक्य फिरायचं तेव्हा तो वर्तमानपत्र वाचायचा. तेव्हाही माहीत होतं. एकदा ती म्हणाली होती, माझ्यातच काहीतरी कमी असेल का हो, आईपणात? तो म्हणाला होता, जाऊ दे, नशीब. सगळी चाळ त्याला देवमाणूस म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणायची. तिला वाटलं, उठून त्याला गदागदा हलवावं; पण तिचे हात मांडीवर अगदी स्थिर पडून होते. एवढ्या स्थिर हातांचा तिला आयुष्यात पहिल्यांदा तिटकारा आला.

"डब्याचं काय केलंत?" तिने विचारलं.

"दिला कुणालातरी."

"कुणाला?"

"आठवत नाही गं आता."

ती उठली. जिना चढायला लागली. तो मागून आला, कारण ती चालायला लागली की मागून यायची त्याची रीत होती. वर धाकटी उशीला टेकून बसली होती, पंप हातात, डोळे सुजलेले. डॉक्टरचं वाक्य तिने ऐकलं होतं, पण पाच दिवसांची वाक्यं त्याच्याहून जड होती. "आई, घेतलं तिने? प्यायली?" आणि होकार मिळताच तिला रडू फुटलं. "माझंच काहीतरी चुकलं असेल ना गं? मी मनापासून... त्या बाई म्हणत होत्या ना, मी आतून घाबरले होते ते खरंय—"

"थांब," ती म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पलंगाच्या अगदी समोर, आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा. सांगा हिला."

"आत्ता? अगं, बाळंतीण आहे ती. ओली बाळंतीण. मग कधीतरी निवांत—"

"बसा."

तो बसला. धाकटी दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. "काय झालं? बाबा?" त्याने पाण्याचा पेला उचलला, रिकामा होता, खाली ठेवला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, नेहमीसारखं. लग्नापासून त्याची वाक्यं तीच पुरी करत आली होती. पाहुण्यांपुढे, बँकेत, लेकीच्या लग्नात, तो पहिले दोन शब्द टाकायचा आणि पुढचं ती सावरून घ्यायची. आता तो वाट बघत होता. तिने तोंड मिटून ठेवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा.

"तुझा मोठा भाऊ," तो शेवटी म्हणाला, आणि खाकरला. "तो तापाने गेला नव्हता."

पुन्हा त्याने तिच्याकडे पाहिलं.

"पुढे," ती म्हणाली.